उजव्या कानातलं गाणं

सकाळी लॅब उघडली की ताई पहिल्यांदा प्लॅस्टर कालवायची. रबराच्या वाडग्यात आधी पाणी, मग भुकटी, आणि मग एकाच दिशेने हात फिरवायचा, म्हणजे बुडबुडे धरत नाहीत. दातांची लॅब होती ती. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि इथून कवळ्या, कॅप, खोट्या दाढा होऊन परत जायच्या. त्या लोकांची तोंडं ताईने कधी बघितलेली नसायची; पण कुणाची दाढ कुठल्या बाजूने झिजलीय, कोण जागेपणी दातओठ खातो आणि कोण झोपेत, हे ती साचा हातात धरून सांगायची. मालकांसकट सगळे तिला ताईच म्हणायचे. मालक तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे होते, तरीही. खरं तर ती एकाच माणसाची ताई होती, आणि त्याने ही हाक मारावी असं काही तिला अलीकडे वाटत नव्हतं.

तिच्या टेबलावर मेण कोरायचा चाकू, स्पिरिटचा दिवा आणि काडेपेटीएवढा एक प्लेअर असायचा. घासायचं मशीन सुरू झालं की दिवसभर कानाशी माशी घोंघावल्यासारखा आवाज. त्यावर उतारा म्हणून ती गाणी ऐकायची.

गाणी वडिलांची होती. वडील छापखान्यात होते आणि यंत्राशेजारी उभं राहून राहून त्यांचा डावा कान कायमचा गेला होता. उजवा मात्र असा तीक्ष्ण, की स्वयंपाकघरात दूध वर येतंय हे ते बाहेरच्या खोलीतून सांगायचे. रेडिओवरून, ओळखीच्यांच्या तबकड्यांवरून त्यांनी आयुष्यभर गाणी कॅसेटींवर उतरवून घेतली. बटण दाबायला नेहमी उशीर व्हायचा, त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये त्यांचाच आवाज राहून गेलेला असे. "हां, आता ऐक." किंवा नुसतं खाकरणं. एका गाण्यात फीत अडकून तुटली होती, ती त्यांनी कापून जोडली. त्यात मधली एक ओळ गेली. गाणारी बाई एका ओळीच्या निम्म्यावरून थेट पुढच्या ओळीच्या शेवटावर उडी मारायची. ताईला ते गाणं तसंच पाठ होतं. कुठे मूळ गाणं लागलं, तर तिला ती बाईच चुकतेय असं वाटायचं.

लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून, काम सुटल्यावर, तिने एकेक कॅसेट लावून हे सगळं प्लेअरमध्ये भरलं. पुढे तो कॉम्प्युटर भंगारात गेला. कॅसेटींना बुरशी लागली म्हणून आईने त्या एका सकाळी कचऱ्यात दिल्या. उरलं ते काडेपेटीत.

वडील आजारी पडले, त्यांच्या छातीत पाणी भरायला लागलं, तेव्हा लॅब सुटली की ताई थेट दवाखान्यात जायची. पलंगाच्या उजवीकडे स्टूल ओढून बसायची. इयरफोनची एक वायर त्यांच्या उजव्या कानात, दुसरी तिच्या डाव्या. बोलण्यासारखं दोघांत फारसं काही नव्हतंच कधी. गाणी होती. मधूनच वडील टेपमधल्या स्वतःच्या खाकरण्याला हसायचे.

तिचा धाकटा भाऊ तेव्हा दूरच्या शहरात मोठ्या नोकरीवर होता; तिथे त्याला पोहायचं वेड लागलं होतं. फोनवर "येतो, येतो" म्हणत राहिला आणि वडील गेल्यावर आला. दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिला, वरसुद्धा येईना. ताई त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर कदाचित मोकळी झाली असती. आईने त्याला पोटाशी धरलं आणि त्याच्या खांद्यावरून ताईकडे बघून म्हणाली, "त्याला आधी काहीतरी खायला दे. प्रवासातून आलाय."

तेव्हापासून ताईचा जबडा दुखायला लागला. सकाळी उठली की दोन्ही कानशिलांखाली ठणका. झोपेत दात खातेय आपण, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

धाकटा कायमचा परत आला तो त्यानंतर वर्षभराने. नोकरी सुटली होती, संसारही मोडला होता. दोन्हींतलं आधी काय, ते कुणी विचारलं नाही. वडिलांची खोली त्याला मिळाली. ताई आईबरोबर आतल्या खोलीत झोपायची, ती तशीच झोपत राहिली; रडू आलं तर आईला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसायची. धाकट्याने खिडकीखाली कॉम्प्युटर मांडला, कानांवर मोठे हेडफोन चढवले, आणि घरात माणूस असून नसल्यासारखा राहायला लागला.

रविवारची दुपार होती. ताईच्या चार्जरची वायर मुळाशी तुटली होती.

"तुझ्या कॉम्प्युटरला लावू का रे हे? नुसतं चार्ज करायचंय."

"लाव की. विचारतेस काय?" त्याने मान वळवली नाही.

ती केस धुवायला गेली. डोक्याला टॉवेल गुंडाळून परत आली, तेव्हा धाकटा खोलीत नव्हता. पडद्याच्या मधोमध एक चौकट होती. 'सिंक पूर्ण झाले. उपकरण आता काढू शकता.' तिने प्लेअर काढला, सवयीने कानात वायर घातली आणि बटण दाबलं.

ढोल. परकी भाषा. एक माणूस ओरडून गात होता.

पुढचं लावलं. त्याच्या पुढचं. ओल्या केसांचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि ती एकेक गाणं पुढे ढकलत उभी होती.

धाकटा चहाचा कप घेऊन आला.

"हे काय केलंस तू?"

"मी कुठे काय केलं?" त्याने प्लेअर हातात घेतला, पडद्याकडे बघितलं. "अगं, ते आपोआप होतं. जोडलं की ह्यात जे आहे ते त्यात जातं. आणि जे ह्यात नाही ते..."

"ते काय?"

"ते जातं."

"कुठे जातं?"

"कुठे म्हणजे? जातं." तो थोडासा हसला. "ताई, गाणीच तर आहेत. नावं सांग, शोधून देतो. आता काय हवं ते मिळतं."

"बाबांचा आवाज मिळतो?"

हे कशाबद्दल चाललंय, ते त्याला कळलं नाही. त्याने त्या कॅसेटी कधी ऐकल्याच नव्हत्या. लहानपणी वडील टेप लावायचे, तेव्हा तो चेंडू घेऊन बाहेर पळायचा. मोठेपणी घरी आला की वडिलांच्या डावीकडे बसून तासभर बोलायचा आणि वडील नुसते हसून मान हलवायचे. आपण बहिऱ्या कानाशी बोलतोय, हे त्याला उभ्या आयुष्यात कळलं नाही.

आतून आई म्हणाली, "गाण्यांवरून घर डोक्यावर घेऊ नका. तो मुद्दाम करेल का?"

दुसऱ्या दिवशी ताई प्लेअर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसाने तो त्याच्या यंत्राला जोडला, बराच वेळ बघितला आणि काढून परत दिला. "पुसलेलं एखाद वेळी परत आणता येतं," तो म्हणाला. "हे पुसलेलं नाही, बाई. हे बदललंय."

त्यानंतर ती धाकट्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पण त्याच्यापुढे सरकवायची नाही. चहात साखर घालायला विसरायची. चांगली आठवणीने विसरायची. तो बिनसाखरेचा चहा गुपचूप प्यायचा आणि त्याचाही तिला राग यायचा.

लॅबमध्ये नुसती माशी घोंघावत राहिली. एका सकाळी ती ऐकवेना, म्हणून, आणि आपल्या गाण्यांच्या जागी कोण येऊन बसलंय ते तरी बघू म्हणून तिने ती परकी गाणी लावली. हातात वरच्या जबड्याची कवळी होती. पुढचे चार दात मेणात बसवत होती. तिसऱ्या की चौथ्या गाण्याला तिच्या लक्षात आलं, की आपले ओठ हलताहेत. त्या भाषेतला एक शब्द तिला येत नव्हता. पण पुढचा शब्द काय येणार, ते गाणाऱ्याच्या आधी तिच्या जिभेवर येत होतं.

मग वास आला. क्लोरीनचा. तळपायाखाली ओली, खडबडीत फरशी. छातीत, पोहून वर आल्यावर धरतो तसा दम. तिने वायरी ओढून काढल्या. आयुष्यात ती कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलेली नव्हती. अ‍ॅक्रिलिकचं द्रावण डोक्यात जातं, हे तिला माहीत होतं. नव्या मुलींना ती स्वतःच बजावायची. तिने उठून खिडकी उघडली.

"ताई, हे दात वाकडे बसलेत," मालक संध्याकाळी म्हणाले. इतक्या वर्षांत ते असं पहिल्यांदाच म्हणाले होते.

त्याच आठवड्यात तिला जाग आली, तेव्हा जबडा दुखत नव्हता. ती अंथरुणात बसून तोंड उघडमीट करून बघत राहिली. ठणका नाही, काही नाही. बाहेरच्या खोलीत धाकटा चहासमोर बसला होता आणि दोन्ही हातांनी कानशिलांखाली दाबत होता.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"काही नाही. रात्री दात खातो बहुतेक मी."

ताईने त्याच्या कपात साखर घातली. का घातली, ते तिला सांगता आलं नसतं.

मग ती आंघोळीची सकाळ. ताई कपड्यांची बादली घेऊन न्हाणीघराच्या दाराशी आली आणि थांबली. आत पाण्याचा आवाज होता आणि धाकटा गुणगुणत होता. सूर नीट लागत नव्हता, पण चाल ओळखू येत होती. दुसरं कडवं आलं. तो एका ओळीच्या निम्म्यावर आला आणि थेट पुढच्या ओळीच्या शेवटावर गेला.

बादलीची कडी तिच्या बोटांत रुतली. तो बाहेर येईपर्यंत ती तिथेच उभी होती.

"ते गाणं कुठे ऐकलंस?"

"बाबांचं ना? ते नाही का..." तो डोकं पुसत होता.

"मधली ओळ कुठे गेली?"

"कुठली ओळ? ते असंच आहे."

तो बाहेर गेल्यावर तिने त्याचा कॉम्प्युटर उघडला. लपवून ठेवली असतील, छळायला. सगळं धुंडाळलं. तिथे त्याचेच ढोल होते, त्याचीच ती माणसं. वडिलांचं एक गाणं नव्हतं.

मावशी आली, ती पुढच्या रविवारी. आईची धाकटी बहीण. गुडघ्यांमुळे बाहेर पडायची नाही, पण आईला बरं नाही असं कळल्यावर रिक्षा करून आली. जेवणं झाली, बोलणं फिरत फिरत वडिलांवर आलं. मावशीने नेहमीसारखं म्हटलं, "शेवटी फार हाल नाही ना झाले त्यांचे?"

"नाही," धाकटा म्हणाला. "शेवटी शेवटी बरे होते. गाणी ऐकायचे. एक वायर त्यांच्या कानात, एक माझ्या. डावा कान गेलेला होता ना त्यांचा, म्हणून मी मुद्दाम उजवीकडे स्टूल घ्यायचो. टेपमध्ये त्यांचंच खाकरणं आलं की हसायचे."

ताई भांडी आवरत होती. वाटीवर वाटी ठेवायचा आवाज थांबला.

"याने केलं म्हणून," आई मावशीला म्हणाली. "एक दिवस चुकला नाही पोर. ऑफिस सुटलं की थेट दवाखाना."

ताईला आधी हसूच आलं. मग तिने विचारलं, अगदी हळू, "कुठल्या ऑफिसातून? तू इथे होतास तरी का?"

धाकटा तिच्याकडे बघायला लागला. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा ताईला ओळखता आला असता. हा तसा नव्हता. याच्या चेहऱ्यावर शीण होता. ज्याने पुष्कळ केलंय आणि कुणी विचारलं नाही, अशा माणसाचा. तो चेहरा ती रोज आरशात बघत आली होती.

"आई, तू तरी सांग," ताई म्हणाली. "कोण बसायचं तिथे?"

आईने मावशीकडे ओशाळून बघितलं. "आज परत तो विषय नको गं. तू आली नाहीस, हे मी तुला कधी बोलून दाखवलं? प्रत्येकाच्या अडचणी असतात. तुझ्याही असतील."

मावशी पदराशी चाळा करत म्हणाली, "जाऊ दे. लांब होती बिचारी."

ताईने उरलेल्या वाट्या आवरल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती दवाखान्यात गेली. घरच्यांचं एक वेळ समजू शकतं. त्यांनी संगनमत केलं असेल, आई म्हातारी झालीय, आणि धाकट्यासाठी तिने याहून मोठ्या गोष्टी पोटात घातल्या होत्या. पण परक्या माणसाला काय पडलंय?

वॉर्डातली सिस्टर तीच होती. जाडजूड, गालावर तीळ असलेली. दुपारची औषधं वाटून नुकतीच खुर्चीला टेकली होती.

"छापखान्यातले ना? आठवतात की," सिस्टर म्हणाली. "डावीकडून काही विचारलं की नुसते गोड हसायचे. आम्हाला वाटायचं, सगळं कळलं. काही कळलेलं नसायचं."

ताईच्या अंगातला ताण सैल पडला. "त्यांच्याजवळ कोण असायचं, आठवतं?"

"मुलगा. रोज यायचा. दोघं एकेक वायर कानात घालून बसायचे. आम्ही चेष्टा करायचो, की काय एवढं ऐकता, आम्हाला पण द्या."

"आणि मुलगी?"

सिस्टरने तिच्याकडे आता नीट बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हीच ना त्या? शेवटी आला होतात. खाली जिन्यात बसून राहिला होतात, वर यायचं नाही म्हणून. पाणी मीच आणून दिलं तुम्हाला." तिने ताईच्या हातावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. पुष्कळांचं असं होतं. वेळेला पाय निघत नाही."

ताई जिन्याने खाली आली. वळणावर तिचा हात आपोआप कठड्याकडे गेला. तिथली एक पायरी कोपऱ्यात फुटलेली होती. त्या पायरीचा गारवा तिला आठवला. पँटच्या जाड कापडातून हळूहळू वर येणारा. गळ्याशी आवळलेला टाय आठवला. तो कसा सैल करायचा, ते बोटांना आठवलं.

ताईने जन्मात पँट घातली नव्हती.

ती खालच्या दारात उभी राहिली. भर दुपार होती, रिक्षा चालल्या होत्या, समोरचा औषधवाला शटर अर्धं ओढून डबा खात होता. तिने मनातल्या मनात वॉर्ड उभा करायचा प्रयत्न केला. पलंग. स्टूल. खिडकी कुठल्या बाजूला होती? आत्ताच तर ती तिथून आली होती. पलंगावर वडील दिसत होते, पण ते लांबून, दारातून बघावं तसे. शेजारी कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं.

घरी आली, तेव्हा धाकटा वडिलांच्या पलंगावर बसला होता. कॉम्प्युटर बंद होता. त्याने कानात काही घातलं नव्हतं, तरी मान एका बाजूला, उजव्या खांद्याकडे किंचित झुकलेली होती.

ताई दारात उभी राहिली. एक गोष्ट अजून तिच्याकडे होती. ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. आईला नाही, मालकांना नाही, कुणालाच नाही. शेवटच्या संध्याकाळी वडिलांनी कानातली वायर काढली होती आणि तिला विचारलं होतं, "तो आला का?" उद्या येतोय, असं ती म्हणाली होती. थोड्या वेळाने परत, "तो आला का?" ती जेवली का, दमली का, हे त्यांनी विचारलं नव्हतं. रोज बसणाऱ्या माणसाला काय विचारायचं? आणि मग डोळे मिटून म्हणाले होते, "मी विचारत होतो, हे त्याला सांगू नकोस हं. वाईट वाटेल त्याला." तिने नाही सांगितलं. वडिलांनी नको म्हटलं म्हणून, आणि सांगायला तोंड उघडलं असतं, तर दुसरंच काहीतरी बाहेर आलं असतं म्हणून.

"शेवटच्या संध्याकाळी बाबा काय म्हणाले?" तिने विचारलं.

धाकट्याने मान खाली घातली.

"कशाला आता?"

"सांग."

"काय म्हणणार?" त्याचा आवाज कडू होता. "मी शेजारी होतो. इतके दिवस मीच होतो. त्यांनी कानातलं काढलं आणि मला विचारलं, 'ती आली का?'"

ताईने दाराची चौकट धरली.

"मी म्हटलं, उद्या येतेय. थोड्या वेळाने परत तेच. 'ती आली का?' मी जेवलो का, हे नाही विचारलं." त्याने जबड्याखाली दाबलं. "आणि वर म्हणाले, तिला सांगू नकोस हं, वाईट वाटेल तिला. म्हणून नव्हतं सांगितलं. आज तूच विचारलंस."

खोटं आहे हे, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं.

"परत सांग," ती म्हणाली.

"काय?"

"काय विचारलं त्यांनी?"

"ती आली का."

तीन शब्द. हे शब्द दुसऱ्यासाठी म्हटले जाताना तिने ऐकले होते, एवढं तिला अजून कळत होतं. पुढे कळेल की नाही, ते कळत नव्हतं. हातात घट्ट धरलं तर अजून धरून ठेवता येईल, असं तिला वाटलं. स्टूल, वायर, लॅबमधून धावत गाठलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी, सगळं. मेण पुरतं गार व्हायच्या आधी चाकू लावावा लागतो, तेवढाच वेळ होता.

आणि तिकडे पलंगावरून वडील तिची वाट बघत होते. डोळे दाराकडे लावून.

जिभेवरचं वाक्य तिने गिळून टाकलं.

धाकट्याने वर बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "मी त्या रात्री किती फोन केले तुला. का नाही उचललास?"

तिला विचार करावा लागला नाही. निळी फरशी, काठावर पालथा घातलेला फोन, त्याची थरथर, आणि बघायचं नाही असं ठरवल्यावर कानांवरून बंद होत गेलेलं पाणी. तिथे किती शांत होतं.

"मी पाण्यात होते," ती म्हणाली.

तो उठला आणि तिच्या बाजूने आतल्या खोलीत गेला.

आईने पानं घेतली होती. दुपार टळून गेली होती, पण ताईला सपाटून भूक लागली होती. कित्येक दिवसांत लागली नव्हती तशी. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला, ताट तिच्यापुढे सरकवलं आणि मायेने म्हणाली, "आधी खाऊन घे. दमली असशील."

आतून आवाज यायला लागला. कुणीतरी तोंड मिटून रडत होतं. श्वास आत घेताना तीनदा अडखळत, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून. बऱ्याच सवयीचं रडणं होतं ते. ताईला ते ओळखीचं वाटलं, पण असं कोण रडायचं, ते तिला आठवेना.

तिने दुसरा घास घेतला.

"आई," ती म्हणाली, "ते दार जरा लोटून घेतेस का?"